ऑनलाइन थेरपी पहिल्यांदाच सुरू करायलोय, काय काय धरून चालावं?

पूर्णाकाठ

शनिवारी संध्याकाळी सहाला पहिलं सेशन ठरलंय. व्हिडिओ कॉल, पन्नास मिनिटं, फी आठशे रुपये. मॅडम पुण्याच्या आहेत, मराठीत बोलतात. त्रास थोडक्यात असा: चार महिने झाले झोप मोडायली, अनोळखी नंबरवरून फोन आला की छाती धडधडायली, कामात मन लागंना. राहायला जिंतूर तालुक्यात, घरात सात माणसं आणि खोल्या तीन.

विचारायचं ते असं. पहिल्या दिवशी त्या नेमकं काय विचारतात? किती सेशननंतर फरक कळतो? घरात आडोसा नाही, तर बोलायचं कुठं बसून? समोरचा माणूस खरंच शिकलेला आहे हे कसं ताडून बघायचं? आणि मधेच रेंज गेली तर पैसे गेले का? या कामाची आतून माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बिंदुसरा

दादा, पहिल्या सेशनमध्ये उपचार फारसा होत नाही, चौकशी होते. हे आधीच डोक्यात पक्कं असू द्या. ‘तासभर बोललो, पण त्यांनी काही सांगितलंच नाही’ असं म्हणून पुष्कळ जण नेमके इथंच सोडून देतात.

सुरुवातीची पाच-सात मिनिटं व्यवस्थेची असतात. नाव, वय, घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाचा फोन नंबर, आणि आत्ता तुम्ही कुठं बसला आहात. हा शेवटचा प्रश्न दर सेशनला विचारला जातो, विचारला गेला पाहिजे. त्यात संशय नाही. बोलता बोलता तुमची तब्येत अचानक बिघडली तर पुण्यात बसलेल्या बाईंना जिंतूरकडं मदत पाठवायची असते, आणि ‘परभणी जिल्हा’ एवढ्या पत्त्यावर १०८ची गाडी पोचत नाही. गाव, वस्ती, जवळचा दवाखाना असं सांगा. शेतातून बोलत असाल तर गावापासून कोणत्या रस्त्यानं किती किलोमीटर, तेही सांगून ठेवा.

त्यानंतर गोपनीयतेबद्दल बोलणं होतं. तुम्ही सांगितलेलं त्या तुमच्या बायकोला, भावाला, गावातल्या कोणाला सांगणार नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २३नं हा तुमचा हक्क आहे. त्याला ठरावीक अपवाद आहेत आणि ते पहिल्याच दिवशी तोंडी किंवा लेखी सांगितले जायला हवेत: तुमच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर, न्यायालयानं माहिती मागितली तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. या तिसऱ्या बाबतीत पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. अपवादांचा विषय त्यांनी काढला नाही तर तुम्ही काढा.

मग मुख्य भाग. त्रास काय, कधीपासून, आणि थेरपी घ्यायचं आत्ताच का ठरवलं. झोपायला किती वाजता जाता, झोप किती वाजता मोडते, भूक, वजन, कामाचे तास. कोणत्या गोळ्या चालू आहेत. दारू, तंबाखू, गुटखा किती. घरात आधी कोणाला असा त्रास होता का. उत्तरं गोल देऊ नका. ‘झोप येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘अकराला पडतो, दोनला जाग येते, मग पाचपर्यंत छताकडं बघत असतो’ हे शंभर पटीनं कामाचं. आजपासून शनिवारपर्यंत रोज सकाळी वहीत एक ओळ लिहा: किती वाजता पडलो, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलो. चार दिवसांची अशी नोंद घेऊन बसलात तर पहिल्या सेशनची दहा मिनिटं वाचतात.

‘जगावंसं वाटत नाही असं कधी वाटतं का, तसा काही विचार मनात आला होता का’ असं सरळ विचारलं जाईल. प्रत्येकाला विचारतात, म्हणून दचकू नका. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलून माणूस हलका होतो. विचार येत असेल तर ‘हो’ म्हणा. ‘हो’ म्हटल्याबरोबर कोणी पोलिसांना फोन करत नाही. पुढं विचारतात की कितीदा येतो, काही ठरवलं आहे का, हाताशी काही साधन आहे का. आपल्या भागात हा साधनाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. फवारणीच्या औषधाचे डबे घरात असतील तर त्या ते दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवायला सांगतील. ऐका. विचाराची लाट पुष्कळदा थोड्या वेळानं ओसरते, आणि तेवढ्या वेळात औषध हाताशी नसणं हा जीव वाचण्याचा मोठा उपाय आहे.

काही जण सेशनआधी एक फॉर्म भरून घेतात. पीएचक्यू-९ म्हणजे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. आकडा दहा किंवा त्याच्या वर गेला तर नैराश्याची नीट तपासणी व्हायला हवी असं धरतात. चिंतेसाठी जीएडी-७ असतो, सात प्रश्न, एकूण २१ गुण. ही परीक्षा नाही. आकडा रक्तदाबासारखा: आज किती, सहा आठवड्यांनी किती, एवढंच बघायचं. चांगलं दिसावं म्हणून कमी गुण लावू नका.

आता भाषेचं. मॅडम मराठी बोलतात हे चांगलंच, पण पुण्याची मराठी आणि आपली मराठी यात मन सांगण्याच्या बाबतीत फरक पडतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘कसनुसं होतं’, ‘डोकं उठतं’ हे आपल्याला लगेच कळतं, त्यांना कदाचित नाही. तरी तेच शब्द वापरा. त्यासाठी ‘अँग्झायटी’ शोधत बसू नका. फक्त पुढं जोडा की अंगात कुठं होतं आणि किती वेळ टिकतं. ‘जीव घाबरा होतो, म्हणजे छातीत धडधड, हाताला घाम, दहा मिनिटं.’

किती सेशन लागतील? चिंता आणि नैराश्यासाठी जी विचार-वर्तन थेरपी करतात, म्हणजे सीबीटी, ती साधारण १२ ते २० सेशनची असते, आठवड्याला एक. पहिली दोन-तीन चौकशी आणि आखणीत जातात. चौथ्या ते सहाव्या सेशनच्या सुमारास काहीतरी हललेलं दिसायला हवं. त्रास संपलेला नसेल, पण झोप अर्धा तास वाढली, एखादा टाळलेला फोन घेतला, असं काहीतरी. सहा सेशननंतरही काडीचा फरक नसेल तर ‘आपण पद्धत बदलायची का’ असं त्यांना सरळ विचारा. चांगला थेरपिस्ट यात अपमान मानत नाही.

दोन सेशनच्या मधे काम असतं, आणि फरक बराचसा त्यातूनच पडतो. तुमचाच फोनचा त्रास घेऊन दाखवते. वहीत चार रकाने पाडायचे. समजा असं घडलं:

प्रसंग: दुपारी साडेबारा, अनोळखी नंबर.
मनात आलेलं वाक्य: ‘बँकेचाच असणार, आता जप्ती येणार.’
काय वाटलं: भीती, शंभरात नव्वद.
काय केलं: उचलला नाही, फोन पालथा ठेवला, दुपारभर पडून राहिलो.

आता बघा, फोन न उचलल्यावर धडधड पाच मिनिटांत उतरते. मेंदू यातून शिकतो की न उचलल्यामुळं वाचलो. म्हणून पुढच्या वेळी रिंग वाजायच्या आधीच, नुसता स्क्रीन उजळला तरी धडधड सुरू होते. टाळण्यानं भीती पोसली जाते. उपाय पायरीपायरीचा असतो. आधी एखाद्या मित्राला दुसऱ्याच्या नंबरवरून ठरलेल्या वेळी फोन करायला सांगायचं आणि तो उचलायचा. मग न ठरलेल्या वेळी. मग अनोळखी फोन उचलून फक्त ‘कोण बोलतंय, काय काम आहे’ विचारायचं आणि कागदावर शब्दशः लिहून घ्यायचं. पुष्कळदा कागदावर ‘केवायसीची कागदं घेऊन या’ एवढंच असतं. कर्जाचाच फोन असेल तरी रक्कम आणि तारीख कागदावर आली की तो हिशोबाचा प्रश्न होतो, जप्तीच्या स्वप्नाचा राहत नाही. एक पायरी अंगवळणी पडेपर्यंत दुसरी चढायची नाही. घाईनं चौथ्या पायरीवर उडी मारणारे घाबरून पुन्हा शून्यावर येतात.

आणखी एक. पहिल्या दोन-तीन सेशननंतर बरं वाटण्याऐवजी जड वाटू शकतं, डोकं दुखतं, रडू येतं, थकवा येतो. जुनी जखम साफ करताना झोंबतं तसं. म्हणून सेशन संपल्यावर निदान वीस मिनिटं मोकळी ठेवा. सहा पन्नासला कॉल संपला आणि सात वाजता दुकानावर बसलो, असं नको.

औंढेकर

बिंदुसरा ताईंनी आतलं सांगितलं, मी जागा आणि यंत्राचं सांगतो. आपल्याकडं ऑनलाइन सेशन बिघडतं ते बहुतेक या दोन कारणांनी.

हेडफोन लावला म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. हेडफोननं मॅडमचा आवाज झाकला जातो. तुमचा आवाज पलीकडच्या खोलीत जातो तसाच जातो, किंबहुना कानात बोंडं असल्यावर माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. म्हणून आडोसा तुमच्या आवाजाला हवा. तीन खोल्यांच्या घरात एकच करता येतं: तुम्ही आतल्या खोलीत, दार बंद, आणि आवाज करणारी वस्तू दाराच्या बाहेर. बाहेरच्या खोलीत टीव्ही किंवा कूलर चालू ठेवा. तोच कूलर तुमच्या खोलीत ठेवलात तर घरातल्यांना ऐकू जाणार नाही, पण मॅडमलाही फक्त घरघर ऐकू जाईल. पंख्याची हवा फोनच्या माइकवर आली तरी तेच होतं. दाराच्या खालच्या फटीतून सगळ्यात जास्त आवाज जातो, तिथं घडी घातलेली सतरंजी लावा. पत्र्याचं घर असेल आणि पाऊस लागला तर व्हिडिओ सोडून चॅटवर किंवा दुसऱ्या दिवसावर जा, ओरडून बोलण्यात अर्थ नाही.

घराबाहेरची सगळ्यात चांगली जागा म्हणजे उभी चारचाकी. काचा बंद केल्या की बोलणं बाहेर कळत नाही, मागून कोणी येत नाही. पण उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही बंद गाडी भट्टी असते आणि फोन तापून कॅमेरा बंद पडतो. झाडाखाली, काच दोन बोटं उघडी, फोन डॅशबोर्डवर उन्हात नको. गाडी चालवत सेशन घ्यायचं नाही, चांगले थेरपिस्ट तसं दिसलं तर कॉल थांबवतात. गच्ची सोयीची वाटते, पण शेजारच्या गच्चीवर शब्द न् शब्द जातो. शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरचं छप्पर, चालतो, तिथं रेंज आधी तपासा.

रेंजचं: व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा जातो. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि दिवसभर रील बघून झाले असतील तर सहा वीसला चित्र अडकणार. सेशनच्या दिवशी डेटा राखून ठेवा, ॲपमध्ये व्हिडिओची गुणवत्ता कमी करा. चित्र अडकायला लागलं की आधी कॅमेरा बंद करून नुसता आवाज ठेवा, त्याला डेटा फार कमी लागतो. तरीही तुटलं तर साध्या फोनवर पुढं बोलायचं हे आधीच ठरवून ठेवा: कोण कोणाला लावणार, किती मिनिटं वाट बघून. नाहीतर दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येतं.

लाइट गेली की वायफाय जातं. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटा यूपीएस मिळतो. आणि तासन् तास लाइट नसेल तर टॉवरची बॅटरीही उतरते, तेव्हा मोबाइल डेटाही मान टाकतो. भारनियमनाची वेळ बघून सेशनची वेळ घ्या.

सेशन चालू असताना साधा फोन आला तर व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. तुमचा त्रास तर फोनच्या रिंगचाच आहे, त्यामुळं हे विसरू नका. फोन हातात धरून बसू नका, पन्नास मिनिटांत हात भरून येतो आणि समोरच्याला तुमची हनुवटी दिसते. दोन डब्यांवर ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणा, उजेड पाठीमागून नको, तोंडावर हवा. थेरपिस्टला चेहरा आणि हात दिसले पाहिजेत.

घरातल्यांना कळू द्यायचं नसेल तर: व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून दुकानाच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप चालू नाही ना ते बघा. एकाच जीमेलवर घरातले दोन-तीन फोन असतील तर मीटिंगचं निमंत्रण सगळ्या फोनवर झळकतं, म्हणून लिंक स्वतःच्या वेगळ्या मेलवर घ्या. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. यूपीआयनं पैसे पाठवलेत तर स्टेटमेंटमध्ये नाव येतंच, खातं सामाईक असेल तर तेही ध्यानात घ्या.

समाजकार्य_धाराशिव

शिक्षण तपासायचं आणि पैशाचं मी सांगते.

तीन प्रकारची माणसं असतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. गोळ्या लिहायचा अधिकार यांना. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं असते आणि ऑनलाइन चिठ्ठीवरही नोंदणी क्रमांक असावाच लागतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ थेरपी आणि चाचण्या करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं म्हणजे आरसीआयकडं असते, त्यांना सीआरआर क्रमांक, म्हणजे तिथल्या नोंदणीचा नंबर, विचारा आणि आरसीआयच्या संकेतस्थळावर नाव ताडून बघा. तिसरे समुपदेशक. मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेले कित्येक समुपदेशक उत्तम काम करतात, पण ‘समुपदेशक’ ही पाटी आठ दिवसांचा कोर्स केलेला माणूसही लावतो. त्यांना विचारायचं ते असं: पदवी कोणती, थेरपीचं प्रशिक्षण कोणत्या पद्धतीचं, स्वतःच्या केसबद्दल कोणा वरिष्ठांशी चर्चा करता का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर सावध व्हा.

दहा सेशनचे पैसे एकदम मागणारा, ‘एकवीस दिवसांत नक्की बरं करतो’ म्हणणारा, डॉक्टर नसून गोळी सुचवणारा, न विचारता सेशन रेकॉर्ड करणारा, यांच्यापासून लांब राहा. रेकॉर्डिंग तुमच्या परवानगीशिवाय होता कामा नये, आणि तुम्हीही गुपचूप करू नका.

फीचा पल्ला साधारण पाचशेपासून दोन-अडीच हजारापर्यंत असतो. आठशे रास्त आहे. पण आठवड्याला आठशे म्हणजे महिन्याला बत्तीसशे, चार महिन्यांचे बारा हजार आठशे. हा हिशोब सुरू करण्याआधी करा, कारण पैसे संपले म्हणून पाचव्या सेशनला सोडणं हे सगळ्यात वाईट. परवडत नसेल तर पहिल्याच दिवशी ‘मला महिन्याला एवढेच जमतील’ असं सांगा. पुष्कळ जण कमी फीच्या काही जागा राखून ठेवतात, किंवा पहिली सहा सेशन दर आठवड्याला आणि मग पंधरवड्याला असं बसवून देतात. रद्द करायचं तर बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवावं लागतं, नाहीतर फी लागते. तुमच्याकडची रेंज गेल्यास काय, हा नियम जो तो आपापला ठरवतो, म्हणून तो व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आरोग्य विम्यात मानसिक आजार धरावा लागतो हे खरं, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, थेरपीच्या फीवर त्यात विसंबू नका.

फुकटची सोय आधी वापरून बघायची असेल तर टेलिमानस आहे. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर वरच्या तज्ज्ञाकडं जोडून देतात. रात्री दोनला जीव घाबरा झाला तर तुमच्या पुण्याच्या मॅडम फोन उचलणार नाहीत, तेव्हा हा नंबर. मात्र दर शनिवारी तोच माणूस तीच वेळ, असं त्याचं स्वरूप नाही, त्यामुळं थेरपीच्या जागी तो धरू नका.

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यातलं मराठवाड्यात एकही नाही, म्हणून आपल्याकडं मनाचा दवाखाना म्हणजे लांबचा प्रवास अशी समजूत बसली आहे. झोप आणि धडधड यासाठी मनोरुग्णालयाची गरजच नसते, ओपीडी पुरते.

काळी_माती

मानसोपचार विभागात काम करतो, म्हणून दोन गोष्टींची भर.

थेरपी सुरू करा, पण त्याबरोबर तालुक्याला जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असेल तर धडधड, घाम, झोप मोडणं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. कमी असेल किंवा रक्त कमी असेल तर थकवा आणि मन न लागणं. कॅमेऱ्यातून नाडी लागत नाही, ही ऑनलाइनची खरी उणीव आहे. रिपोर्टचा फोटो मॅडमना पाठवा. दिवसभरातला चहाही मोजा. सहा-सात कप होत असतील तर धडधडीत त्याचाही वाटा असतो, दुपारी दोननंतर बंद करून बघा. एकदम सगळा सोडू नका, डोकं चढतं.

गोळ्यांचं: थेरपिस्टनी मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवलं म्हणजे ‘केस हाताबाहेर गेली’ असं नाही. नैराश्य-चिंतेच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हळूहळू उतरवावी लागते. झोपेची गोळी मात्र ऑनलाइन मागू नका. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं आणि, मोजके अपवाद सोडता, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. डॉक्टर ‘प्रत्यक्ष या’ म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत, नियम पाळतात.

काही वेळा ऑनलाइनवर थांबायचंच नाही. कानात आवाज येणं, कोणीतरी पाळत ठेवतंय अशी खात्री वाटणं, दोन-तीन दिवस झोप न होता अंगात भलताच जोर असणं, जीव देण्याचं ठरवून झालेलं असणं. आणि रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली असेल तेव्हा. थरथर, घाम, मग पहिल्या दोन दिवसांत झटके आणि त्यानंतर भ्रम होऊ शकतो, त्यात जीव जातो. अशा माणसाला व्हिडिओ कॉलसमोर बसवू नका, दवाखान्यात न्या.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. झोपेची वही आजपासून सुरू केली. गाडी मित्राची मिळायली, सहा ते सात कडुलिंबाखाली लावतो. दोन गोष्टी राहिल्या. बायको म्हणायली मी पण बसते शेजारी. बसवावं का? आणि गाडीच्या काचेवर कोणी टकटक केली तर, म्हणजे चुलतभाऊ वगैरे, तेव्हा काय करायचं?

बिंदुसरा

वहिनींना पहिल्या सेशनला शेजारी बसवू नका, पण त्यांना कायमचं बाहेरही ठेवू नका. शेजारी आपलं माणूस असलं की आपण त्याला वाईट वाटणार नाही अशाच बेतानं बोलतो. कर्जाचा आकडा कमी सांगतो, मनात येणारे काळे विचार गाळतो. पहिली दोन-तीन सेशन एकट्यानं घ्या. मग मॅडमना सांगा की एका सेशनची शेवटची वीस मिनिटं तिला घेऊ. तिच्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही हे तुम्ही दोघांनी आधी ठरवायचं, ते ठरवण्याचा हक्क तुमचा. चार महिने झोप मोडते आहे म्हणजे तिचीही मोडते आहे, तिला पुष्कळ दिसलेलं असतं आणि ते ऐकणं उपयोगाचं असतं. आत्ता तिला एवढं सांगा: ‘शनिवारी सहा ते सात मी डॉक्टरीण बाईंशी बोलतोय, झोपेसाठी. नंतर तुलाही बोलवणार आहेत.’ मधल्या वेळात कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही तिला सांगून ठेवा.

टकटकीसाठी एक वाक्य ठरवून घ्या, पहिल्या पाच मिनिटांतच. उदाहरणार्थ ‘मॅडम, सोयाबीनचा भाव काय निघाला?’ तुम्ही असं म्हणालात की त्या काही न विचारता बाजारभावाचं बोलतील किंवा गप्प राहतील, आणि तुम्ही ‘पाच मिनिटांत लावतो’ म्हणून कॉल ठेवाल. तुम्ही दहा मिनिटांत परत लावला नाहीत तर त्यांनी काय करायचं, मेसेज टाकायचा की नाही, कोणत्या शब्दांत टाकायचा, हेही तेव्हाच बोलून घ्या. ‘सेशनचं काय झालं’ असा मेसेज नको, ‘मोकळे झालात की फोन करा’ एवढाच चालेल.